अनुबोधपट, वन्यजीवन आणि मावळची माणसे

लोणावळ्याचे नाव निघाले की धबधबे, चिक्की आणि बोरघाट यांची आठवण होते. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांनी १९०८ साली आपला उत्कीर्णन व मुद्रणाचा कारखाना प्रथम याच गावी काढला होता, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या स्मरणात नाही. पुढे तो कारखाना मुंबईस दादरला गेला, भागीदारी तुटली आणि फाळके चलच्चित्रांच्या नादी लागले. १९१२ साली ते इंग्लंडहून यंत्रसामग्री घेऊन परतले, तेव्हा भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी एक लहानशी फीत तयार केली. कुंडीत वाटाणे पेरले, कॅमेरा एका जागी बसविला आणि महिनाभर रोज थोडे थोडे चित्रण केले. दाणा फुटतो, मोड वर येतो, वेल हातपाय पसरते, हे सारे मिनिटभराच्या अवधीत पडद्यावर उलगडले. 'अंकुराची वाढ' ही ती फीत होय. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. म्हणजे फाळक्यांच्या चित्रपटाने प्रथम दर्शन घडविले ते राजाराणीचे नव्हे, तर एका रोपाचे.

ही हकीकत येथे सांगण्याचे कारण असे की, निसर्गविषयक अनुबोधपटाचे मर्म तीत पुरते आलेले आहे. वाटाण्याची वेल शेतकऱ्याने हजार वेळा पाहिलेली असते. पण ती वाढताना कोणी पाहिलेली नसते. डोळ्यांसमोर असूनही न दिसणारी गोष्ट दाखविणे हे अनुबोधपटाचे काम आहे. ते कसे केले जाते, त्याने काय साधते आणि काय साधत नाही, याचा विचार मावळासारख्या तालुक्याच्या संदर्भात करणे उपयुक्त ठरेल. शाळा, ग्रामपंचायती आणि वनखाते यांच्यापुढे हा प्रश्न आता व्यावहारिक स्वरूपात उभा आहे.

फिरत्या गाडीपासून हातातील पडद्यापर्यंत

केंद्र शासनाच्या फिल्म्स डिव्हिजनची स्थापना १९४८ साली मुंबईत झाली. मुख्य चित्रपटापूर्वी तिचे वार्तापट व अनुबोधपट दाखविणे चित्रपटगृहांवर बंधनकारक असे. खेड्यापाड्यांत प्रसिद्धी खात्याच्या गाड्या जात. देवळापुढच्या पटांगणात पांढरा पडदा ताणला जाई, जनित्राचा आवाज सुरू होई आणि सोळा मिलिमीटरच्या फितीवर भातलागवड, देवीची लस, धरणे आणि क्वचित काझीरंग्याचा गेंडाही गावकऱ्यांच्या भेटीस येई. जुन्या पिढीतील शिक्षकांना हे पटांगण आठवत असेल. पडद्याच्या मागील बाजूस बसून उलटे चित्र पाहणारी मुलेही आठवत असतील. फिल्म्स डिव्हिजन आता स्वतंत्र राहिलेली नाही. २०२२ मधील निर्णयानुसार ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आली.

या संदर्भात एका न्यायनिर्णयाची नोंद घेणे अगत्याचे आहे. एम. सी. मेहता विरुद्ध भारत सरकार या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी दिलेल्या आदेशात चित्रपटगृहांनी, फिरत्या चित्रपटगृहांनीसुद्धा, प्रत्येक खेळात पर्यावरणविषयक किमान दोन चित्रपट्टिका विनामूल्य दाखवाव्यात, माहिती व प्रसारण मंत्रालयाने या विषयावर लघुपट तयार करावेत व ते रोज दाखविले जावेत, असे म्हटले होते. शाळा-महाविद्यालयांत पर्यावरण हा सक्तीचा विषय करण्याची दिशाही याच आदेशाने दिली. शिक्षकवर्गाला यातील दुसरा भाग परिचित आहे. पहिला बहुतेकांच्या विस्मरणात गेला आहे.

आज परिस्थिती पालटली आहे. पुण्यास वसुंधरा चित्रपट महोत्सव भरतो, मुंबईस १९९० पासून अनुबोधपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव होतो, शाळांत प्रक्षेपक आले आहेत आणि भ्रमणध्वनीच्या रूपाने प्रत्येकाच्या हाती पडदाही आहे आणि कॅमेराही. गावोगाव चित्रे नेण्याची अडचण सरली. आता अडचण आहे ती आलेल्या चित्रांतून निवड करण्याची.

एका माशाची गोष्ट

अनुबोधपटाने खरोखर काही घडते काय, असा प्रश्न व्यवहारी माणूस विचारतो आणि तो योग्यच आहे. याचे उत्तम उदाहरण आपल्या शेजारच्या किनाऱ्यावरील आहे. व्हेल शार्क हा जगातील सर्वांत मोठा मासा. गुजरातच्या सौराष्ट्र किनाऱ्यावर त्याची शिकार होई. पूर्वी यकृताचे तेल होड्यांना चोपडण्यापुरतीच ती मर्यादित होती. पुढे मांसाला परदेशात भाव आला आणि शिकारीचे प्रमाण वाढले. हा मासा कोणाला ठाऊक नव्हता, म्हणून त्याला कायद्याचे संरक्षणही नव्हते. माइक पांडे यांनी 'शोअर्स ऑफ सायलेन्स' हा अनुबोधपट २००० साली पूर्ण केला. त्यात ही शिकार जशी होते तशी दाखविली होती. त्याचा बराच गाजावाजा झाला आणि २००१ साली केंद्र शासनाने व्हेल शार्कचा समावेश वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत केला. असे संरक्षण लाभलेला भारतातील हा पहिला मासा होय.

येथवर ऐकून पुष्कळ लोक टाळ्या वाजवितात आणि थांबतात. वस्तुतः खरी कथा येथून पुढे आहे. कायदा झाला तरी किनाऱ्यावरील कोळ्याला त्याची वार्ता नव्हती आणि जाळ्यात अडकलेला मासा सोडावयाचा तर हजारो रुपयांचे जाळे कापावे लागे. २००४ पासून वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया या संस्थेने, वनखाते व काही उद्योगसंस्था यांच्या साहाय्याने गावोगाव मोहीम काढली. कथाकार मोरारीबापूंनी या माशाला माहेरी बाळंतपणासाठी आलेल्या लेकीची उपमा दिली. ती उपमा कोळीवाड्यांत पोचली. अनुबोधपट तेथे पोचला नव्हता. गुजरात शासनाने कापलेल्या जाळ्याची भरपाई देऊ केली. पुढे कोळ्यांनाच पाण्यात चालणारे कॅमेरे देण्यात आले. मासा सोडताना त्यांनी स्वतः छायाचित्र घ्यावे व ते भरपाईसाठी पुरावा म्हणून द्यावे, अशी व्यवस्था झाली. त्यानंतर शेकडो मासे सोडले गेले.

या घटनाक्रमात चित्रपटाने दिल्लीतील दार उघडले, हे मान्य केलेच पाहिजे. कर्नाटकातील कुद्रेमुख येथील लोहखनिजाच्या खाणीवर शेखर दत्तात्री यांनी २००१ साली केलेल्या लघुपटाचेही असेच झाले. सर्वोच्च न्यायालयापुढील प्रकरणात त्याचा उपयोग झाला आणि २००५ च्या अखेरीस खाणकाम थांबले. पण जेथे प्राणी व माणूस रोज एकमेकांसमोर येतात, तेथे काम झाले ते कथेने, भरपाईने आणि कोळ्याच्या स्वतःच्या हातातील कॅमेऱ्याने. प्रशासनात काम करणाऱ्यांनी हा भेद ध्यानी ठेवावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

मावळचे रान

आता आपल्या तालुक्याकडे वळू. अंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या खोऱ्यांचा हा मुलूख घाटमाथ्यावर सुमारे ६२० मीटर उंचीच्या लोणावळ्यापासून पूर्वेस तळेगावाच्या माळापर्यंत उतरत जातो. लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अवघ्या तीस किलोमीटरवर तो कितीतरी कमी होतो. परिणामी घाटमाथ्यावर जांभूळ, अंजनी, हिरडा यांचे दाट सदाहरित-निमसदाहरित रान, तर पूर्वेकडे गवताळ माळ, असे दोन वेगवेगळे संसार एकाच तालुक्यात नांदतात. शेकरू, भेकर, साळिंदर, रानडुक्कर, बिबट्या, धनेश हे येथील रहिवासी. पहिला पाऊस पडून गेल्यावर पहाटे ओढ्याकाठी एखादा खट्याळ मुलगा शीळ घालीत असल्याचा भास झाला, तर तो शीळकरी कस्तूर पक्षी समजावा.

याच भूमीचा आणखी एक रहिवासी आहे आणि त्याच्यावर कोणी चित्रपट काढल्याचे ऐकिवात नाही. तो म्हणजे देवगांडूळ. हा गांडुळासारखा दिसणारा, परंतु बेडकाच्या कुळातील, पाय नसलेला उभयचर प्राणी. याची एक जात एडवर्ड टेलर या शास्त्रज्ञाने १९६० साली शास्त्रास नव्याने परिचित करून दिली. तिचा मूळ नमुना खंडाळ्याचा आहे. त्यामुळे जगातील कोणत्याही प्राणिशास्त्राच्या ग्रंथात या जातीच्या नावापुढे खंडाळ्याचे नाव येते. देवगांडूळ मातीत राहतो, पावसाळ्यात कधी वर येतो आणि बहुधा साप समजून मारला जातो. तो कोणाला चावत नाही, त्याला विषाची बाधा करता येत नाही. वाघ, हत्ती, गेंडा यांच्यावर चित्रफितींचे ढीग पडलेले असताना आपल्याच बांधावरचा हा जगप्रसिद्ध शेजारी अनोळखी राहावा, हे नवलाचे असले तरी अनपेक्षित नाही. चित्रपटाला भव्यता हवी असते. मातीखालचा प्राणी भव्य दिसत नाही.

पडद्यावर नसलेली माणसे

गेली पन्नास-साठ वर्षे आपण जे परदेशी निसर्गपट पाहत आलो, त्यांत एक गोष्ट ठळकपणे जाणवते. त्यांत माणूस नसतो. अथांग गवताळ प्रदेश, सिंह, हरणे, वर निवेदकाचा घनगंभीर आवाज. परंतु त्या गवतात गुरे चारणारा धनगर चौकटीबाहेर ठेवलेला असतो. पाहणाऱ्याचा समज असा होतो की, निसर्ग म्हणजे माणूस नसलेली जागा. आफ्रिकेतही हे पूर्ण खरे नाही. मावळात तर मुळीच नाही.

मावळच्या रानात ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांच्या वाड्या आहेत. कोणत्या ओढ्यात खेकडे केव्हा बाहेर पडतात, मधमाश्यांचे पोळे कोणत्या कड्याला लागते, हिरडा केव्हा झोडावा, हे त्यांना विचारावे. खंडाळ्याच्या घाटात वाघजाई आहे. अश्विन वद्य द्वादशीस सह्याद्रीच्या आदिवासी पट्ट्यात वाघबारस पाळली जाते. गुराख्यांची पोरे वाघाला नैवेद्य दाखवितात. ठाणे, पालघर आणि मुंबई उपनगर या भागांत वाघोबाची दीडशेहून अधिक ठाणी अभ्यासकांनी नोंदविली व २०२१ साली त्याविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. वाघ-बिबट्यांशी शेजार करण्याची रीत लोकांनी देवाच्या रूपाने कशी बसविली, हे त्यात दिसते. ही श्रद्धा आहे म्हणून संघर्ष नाही, असे मात्र कोणी समजू नये. शेळी गेली की ठाकराचेही नुकसानच होते. शेजाऱ्याशी भांडण होते, पण त्याने गाव सोडावे असे आपण म्हणत नाही, इतकाच त्याचा अर्थ.

देवराईचा दाखला तर याहून ठोस आहे. पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवराया पायी हिंडून पाहिल्या व त्यांवर लेखन केले. त्यांच्या कामाची वार्ता त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या रायगडमधील, श्रीवर्धन तालुक्यातील गाणी या गावी पोचली. तेथील देवराई तोडली जाण्याच्या बेतात होती. आमचा ओढा या राईमुळे वाहतो, ती वाचविण्यास साहाय्य करा, असे गावकऱ्यांनीच या शास्त्रज्ञांना कळविले. राई वाचली. येथे शहाण्यांनी अडाण्यांना शिकविले असा प्रकार नाही. गावाला काय वाचवावयाचे ते ठाऊक होते. आपले म्हणणे कोणाला सांगावे, एवढेच कळावयाचे होते. माहितीच्या प्रसाराचे याहून मोठे फळ कोणते असू शकेल, हे या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नको.

खुद्द मावळ तालुक्यात अजिवली येथे वाघजाईची देवराई आहे. तीत भेरली माडांची दाटी आहे. या माडांपासून माडी काढण्याचा रिवाज गावाने देवराईच्या नियमांत बसविला असून अभ्यासकांनी त्याची नोंद केलेली आहे. झाड तोडावयाचे नाही, पण झाडापासून घ्यावयाचे ते बेताने घ्यावयाचे. 'हात लावू नये' आणि 'हवे तितके न्यावे' या दोन टोकांमधली ही वाट आहे. अनुबोधपटात नाट्य शोधणाऱ्याला ती कदाचित कंटाळवाणी वाटेल. ग्रामपंचायत सदस्याला तशी वाटण्याचे कारण नाही. घाटमाथ्यावर जमिनीचे भाव चढले, शेतघरांच्या भिंती उभ्या राहिल्या आणि गावातील तरुण पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत गेले. ज्या म्हाताऱ्यांना राईची हद्द आणि नियम तोंडपाठ आहेत, ते आणखी किती वर्षे असणार? उद्या हद्दीचा वाद उपस्थित झाला तर साक्ष कोण देणार, हा प्रश्न भावनेचा नाही, दफ्तराचा आहे.

बिबट्याची दोन चित्रे

पुणे जिल्ह्यात या विषयाची कसोटी लागते ती बिबट्यावर. जुन्नर भागात उसाच्या शेतांमुळे बिबट्यांना आडोसा मिळाला. २००१ ते २००३ या काळात माणसांवरील हल्ले वाढले आणि बिबटे पकडून अन्यत्र सोडण्याचा उपाय मोठ्या प्रमाणावर योजला गेला. डॉ. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की, असे स्थलांतर केल्याने प्रश्न सुटत नाही. उलट ज्या भागात बिबटे सोडले जातात तेथे हल्ले वाढण्याचा संभव असतो. २००९ साली पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला एक वयस्क नर बिबट्या माळशेज घाटात सोडण्यात आला. त्याच्या गळ्यात उपग्रहाशी जोडलेला पट्टा होता. तो महिनाभरात सुमारे १२० किलोमीटर चालून, महामार्ग व लोहमार्ग ओलांडून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाकडे गेला. वाटेत त्याने कोणा माणसाला इजा केली नाही. या 'आजोबा'वर सुजय डहाके यांनी २०१४ साली त्याच नावाचा मराठी चित्रपट काढला. तो कथापट आहे, अनुबोधपट नव्हे. पण बिबट्या गावाजवळून जातो म्हणजे तो गावावर चालून येतो असे नव्हे, हे त्याने अनेकांना समजाविले.

याच्या उलट दुसरे चित्र पाहा. रात्री एखाद्या बंगल्याच्या कॅमेऱ्यात बिबट्या कुंपणावरून उडी मारताना टिपला जातो. दहा सेकंदांची ती फीत सकाळपर्यंत तालुकाभर फिरते आणि दुपारपर्यंत ती कोणत्या गावाची हेही कोणाला सांगता येत नाही. दूरच्या राज्यातील जुनी फीत मावळची म्हणून फिरविली जाते. लोक पिंजऱ्याची मागणी करतात, वनरक्षकाला घेराव पडतो. जुन्नर, शिरूर भागात लहान मुलांचे प्राण गेल्याच्या दुःखद घटना घडलेल्या आहेत. तेथील भीती खोटी नाही आणि तिला हिणवणे क्रौर्याचे होईल. म्हणूनच खऱ्या घटनेची फीत आणि भलतीकडची फीत यांत फरक करणे आवश्यक आहे. अशी फीत आली असता ती कोठली, केव्हाची, कोणी काढली, हे तीन प्रश्न वर्गात विचारण्याची सवय शिक्षकांनी लावली, तर ते निबंध-स्पर्धेपेक्षा अधिक उपयोगी पडेल.

काजव्यांचे गणित

चित्र कसे बनते हे ठाऊक नसले म्हणजे चित्रावर भाबडा विश्वास बसतो. वॉल्ट डिस्ने यांच्या 'व्हाइट विल्डरनेस' या १९५८ सालच्या निसर्गपटात लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी झुंडीने कड्यावरून उड्या घेऊन जीव देताना दाखविले होते. त्या चित्रपटास ऑस्कर पारितोषिक मिळाले. प्रत्यक्षात ते प्राणी विकत आणून कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात नेले होते व त्यांना कड्यावरून ढकलण्यात आले होते, हे पुढे १९८२ साली कॅनडाच्या दूरचित्रवाणीने उघडकीस आणले. लेमिंग आत्महत्या करतात हा समज मात्र अजून जगभर टिकून आहे.

आपल्याकडील उदाहरण इतके निष्ठुर नाही, पण परिणाम कमी नाही. मे महिन्याच्या अखेरीपासून पाऊस स्थिरावेपर्यंत राजमाची परिसरात काजवे चमकतात. त्यांची जी छायाचित्रे आपण पाहतो, ती बहुधा कॅमेरा तिकाटण्यावर बसवून, भिंग वीस-तीस सेकंद उघडे ठेवून, अशी अनेक चित्रे एकावर एक रचून तयार केलेली असतात. अर्धा तास चमकलेले सारे काजवे त्यात एकाच क्षणी चमकल्यासारखे दिसतात. हे चित्र पाहून निघालेला पर्यटक रानात पोचतो, त्याला तितका लखलखाट दिसत नाही, मग तो विजेरी लावतो, गाडीचे दिवे लावतो, झाडाजवळ जातो.

काजव्याचा प्रकाश ही नर-मादीची परस्परांस घातलेली साद असते. प्रौढ काजव्याचे आयुष्य थोड्या दिवसांचे. त्याच्या अळीचा काळ मात्र महिन्या-महिन्यांचा असून ती ओलसर मातीत गोगलगाई खाऊन वाढते. म्हणजे जूनमधील झगमगाट मागच्या पावसाळ्यातील न तुडवलेल्या मातीवर उभा असतो. विजेरीच्या झोतात त्या साद-प्रतिसादात खंड पडतो, आणि वाहनांनी दबलेल्या मातीत पुढच्या वर्षाच्या अळ्या मरतात. काजव्यांवरील चित्रफितीने ही दुसरी बाजू, अळीची आणि गोगलगाईची, दाखविली असती, तर राजमाचीकडे जाणाऱ्या वाटेवर शनिवारी गाड्यांची रांग कदाचित तशीच लागली असती. पण दिवे तरी मालवलेले असते. जागेचे नेमके नाव चित्रफितीत द्यावे की नाही, याचाही विचार होणे जरूर आहे. गावकऱ्यांना पर्यटनातून चार पैसे मिळतात, तेव्हा नाव लपवा असे परस्पर सांगणे अन्यायाचे होईल. हा निर्णय ग्रामसभेने करावा, चित्रपट काढणाऱ्याने नव्हे.

गावात दाखविताना, गावात काढताना

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. अनुबोधपट दाखवावयाचा तर तो आधी स्वतः पाहावा, ही सूचना बाळबोध वाटेल. पण ती पाळली जात नाही असे अनुभवास येते. बहुतेक चांगले निसर्गपट इंग्रजीत आहेत. संदेश कडूर यांचा सह्याद्रीवरील 'सह्याद्रीज : माउंटन्स ऑफ द मान्सून' हा माध्यमिक वर्गांस दाखविण्याजोगा अनुबोधपट आहे. तो दाखविताना आवाज बंद करून शिक्षकाने मराठीत बोलावे आणि ज्याला त्या प्राण्याचे स्थानिक नाव ठाऊक असेल त्याला बोलू द्यावे. वाडीतील मुले अशा वेळी शहरी मुलांच्या पुढे जातात, आणि एरवी मागच्या बाकावर बसणाऱ्या कातकरी मुलाला वर्गाचा गुरू होण्याची संधी मिळते. एका बैठकीस वीस मिनिटांहून अधिक लांबीचा पट दाखवू नये. उरलेला वेळ बोलण्यासाठी ठेवावा.

चित्रण करणारे पथक गावात आले तर पंचायतीस विचारण्याचा अधिकार आहे. अभयारण्यात चित्रणासाठी वन्यजीव अधिनियमाच्या कलम २८ अन्वये मुख्य वन्यजीव रक्षकाची परवानगी लागते. २०२२ च्या सुधारणेने त्या कलमात अधिवासात बदल न करता, वन्यजीवांस अपाय न होऊ देता चित्रपटनिर्मिती करण्याची अट स्पष्ट शब्दांत घातली आहे. राखीव वनात जावयाचे असल्यास वनखात्याच्या कार्यालयाकडे चौकशी करावी. कायद्यात नसलेली एक अट पंचायतीने आपल्या बाजूने घालावी, अशी सूचना करावीशी वाटते. गावात चित्रित झालेला पट पूर्ण होताच प्रथम गावात दाखविला जावा. जे लोक पडद्यावर दिसतात त्यांना तो कधीच पाहावयास मिळत नाही, हे अनेक ठिकाणचे चित्र आहे.

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीस जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापावयाची असते व लोकजैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. पुष्कळ नोंदवह्या कागदोपत्री पूर्ण आहेत आणि कपाटात आहेत. देवराईची हद्द पायी फिरून दाखविणारा वृद्ध पुजारी, कोणत्या खुणेस कोणते नाव आहे हे सांगणारी बाई, हिरड्याच्या झाडाखाली उभा राहून भाव पडल्याची तक्रार करणारा ठाकर, यांचे चित्रण त्या नोंदवहीस जोडले तर तिला जिवंतपणा येईल आणि पुराव्याचे मूल्यही. मात्र औषधी वनस्पतींची जाण ज्याची आहे त्याला विचारल्यावाचून ती चित्रफितीत टाकू नये. नोंदवहीतील माहिती आणि जगभर पसरलेली चित्रफीत यांत फार अंतर आहे.

आणि शाळांसाठी फाळक्यांचीच रीत पुरेशी आहे. मेअखेरीस शाळेच्या मागील डोंगरउताराकडे तोंड करून एक वीट पक्की बसवावी, तिच्यावर भ्रमणध्वनी ठेवण्यासाठी खाच करावी आणि शाळा उघडेपर्यंत गावातील दोघा मुलांवर ते काम सोपवून रोज एकाच वेळी एक छायाचित्र घ्यावे. चाळीस दिवसांत चाळीस चित्रे होतात. प्रत्येक एक सेकंद दाखविल्यास चाळीस सेकंदांचा पट तयार होतो. काळा-पिवळा उतार, मग पहिली हिरवी साय, ढगात बुडालेले चार दिवस, मग ओढ्याची पांढरी रेघ. ती रेघ कोणत्या तारखेस उमटली, हे वहीत टिपून ठेवावे आणि पुढील वर्षी त्याच विटेवरून पुन्हा पाहावे.